मारुतीच्या कमरेची खूण

नाशिक,
कामदा एकादशी, रात्र

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

आज रामरथ होता. दुपारीच दुकान बंद केलं. गर्दीत उभं राहून रथाच्या दोराला हात लावून आलो. आई आत्ताच झोपली. तिला सांगितलं, मी जरा हिशेब बघतो. पण वही उघडली ती तुला पत्र लिहायला. फोनवर तुझ्या विमानातून पॅराशूट घेऊन मारायच्या उड्यांचा विषय निघाला की मी दोन वाक्यं बोलतो आणि फोन आईकडे देतो, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. मला बोलायचं नसतं असं नाही. खूप बोलायचं असतं, पण फोनवर ते जमत नाही.

आधी अभिनंदन. तुझा एएफएफचा, म्हणजे विमानातून मुक्त पडून छत्री उघडायला शिकवणारा कोर्स पुरा झाला, त्याचा मला अभिमान आहे. पहिल्या उडीत दोन इन्स्ट्रक्टर दोन्ही बाजूंनी तुला धरून होते आणि शेवटच्या उडीत तू विमानाच्या दारातून एकटी बाहेर पडलीस. ते दोन्ही व्हिडिओ मी दुकानाच्या गादीवर बसून किती वेळा पाहिले, त्याची गणती नाही. तीन उड्या झाल्यावर तू आम्हाला सांगितलंस, त्याचं वाईट वाटलं होतं. तो विषय आता संपला, मी तो पुन्हा काढणार नाही.

आता पुढचं. रविवारी तू दोन गोष्टी बोललीस. तिथल्या एकाची १३५ चौरस फुटांची छत्री रिगसकट, म्हणजे पाठीवरच्या सगळ्या संचासकट, स्वस्तात मिळते आहे आणि त्यासाठी थोडे पैसे लागतील, ही एक. आणि दोन महिन्यांत हेल्मेटवर कॅमेरा लावायचा, ही दुसरी. पैसे मी देणार आहे. पण त्या रिगसाठी नाही. का, ते नीट लिहितो.

तू पाठवलेले कोर्सचे सगळे कागद मी छापून आणले आणि शब्दकोश घेऊन वाचले. अडलं तिथे देवळालीच्या सुभेदारसाहेबांना विचारलं. ते पॅराचे, म्हणजे सैन्यातले छत्रीने उतरणारे, आग्र्याला शिकलेले. आपल्याकडून समया आणि बंब नेतात. त्यांच्या उड्या गोल छत्रीच्या, दोरीने आपोआप उघडणाऱ्या. तुझी चौकोनी छत्री विमानाच्या पंखासारखी पुढे उडते, ते तंत्र वेगळं, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. पण एक गोष्ट ते फार ठामपणे म्हणाले. पहिल्या उडीला पोराला भीती असते म्हणून ते सगळं लक्ष देऊन करतं, आणि विसाव्या-पंचविसाव्या उडीला भीती जाते पण हात अजून तयार झालेला नसतो. तू आता तिथेच पोचते आहेस. अकरा उड्या झाल्या.

कागदांत मला एक गोष्ट सगळ्यात जास्त खटकली. मला वाटायचं, माणूस मरतो तो छत्री उघडली नाही म्हणून. पण व्यवस्थित उघडलेल्या, काही बिघाड नसलेल्या छत्रीखाली किती तरी जणांचे पाय, कंबर मोडते, जीवही जातो. कारण बहुतेक वेळा एकच, जमिनीजवळ घेतलेलं वळण. छत्री वळवली की ती आधी खाली झेप घेते, मग सरळ होते. वर हजार फुटांवर ती झेप जाणवतही नाही. शंभर फुटांवर सरळ व्हायला जागाच उरत नाही. आणि छत्री जितकी लहान, तितकी ती झेप जोराची.

मी हिशेब मांडला. तुझं वजन ५८ किलो, अंगावरचं सामान साधारण १२ किलो, म्हणजे ७० किलो, १५४ पौंड. तू शिकलीस त्या छत्रीचं कापड २१० चौरस फूट. दर चौरस फुटाला पाऊण पौंडही येत नाही. १३५ वर तोच आकडा १.१४ होतो. नव्या माणसाने एकाच्या वर जाऊ नये असं तुझेच कागद सांगतात. शिवाय लहान छत्रीच्या दोऱ्या आखूड असतात, त्यामुळे भार तेवढाच असला तरी ती जास्त चपळ वळते. म्हणजे तुझ्यासारख्या हलक्या अंगाच्या मुलीला तर नुसता आकडा बघूनही चालत नाही. १७० वर यायचं असेल तर ०.९ पडतो, तेही मोठ्या छत्रीवर पुष्कळ उड्या झाल्यावर आणि कोचने हो म्हटल्यावर. एकदम नाही, एक एक पायरी.

माझे आजोबा तांबट होते, तुला माहीत आहे. नव्या पोराच्या हातात ते पहिली काही वर्षं जाड पत्राच द्यायचे. हंड्याचं बूड, बंबाचं पोट. जाड पत्र्यावर घाव चुकला तर खळगा पडतो, तो ठोकून काढता येतो. पातळ पत्र्यावर चुकला तर भोक. माझ्या बाबांनी हट्टाने पातळ पत्रा मागितला होता, तेव्हा आजोबांनी त्यांच्यासमोर एकच घाव घालून पत्रा फाडून दाखवला. मोठी छत्री म्हणजे जाड पत्रा, सोनू. तू चुकणार आहेस, सगळेच चुकतात. ती चूक सोसणारं कापड डोक्यावर असू दे.

म्हणून पैसे कशासाठी? ए लायसन्सला, म्हणजे उड्यांच्या पहिल्या परवान्याला, २५ उड्या लागतात. म्हणजे अजून चौदा. त्या तू एकटीने आकाशात गिरक्या घेत संपवू नकोस, कोचबरोबर घे. त्याची फी जास्त पडते, ती मी भरतो. आणि छत्री चालवण्याचा तो वेगळा कोर्स आहे ना, त्याच्या पुढच्या बी लायसन्सला लागतो तो, त्यासाठी ५० उड्यांपर्यंत थांबू नकोस. ए हातात आलं की लगेच कर. ब्रेकच्या दोऱ्या अर्ध्या ओढून सपाट वळण कसं घ्यायचं, वारा आडवा असताना वळण्याचा हट्ट सोडून सरळ, पंख समतोल ठेवून कसं उतरायचं, हे तिथे उंचावर करून बघता येतं. तोवर रिग भाड्याचीच बरी. पुढे विकत घेशील तेव्हाही पैसे देण्याआधी विकणाऱ्याच्या ओळखीत नसलेल्या रिगरकडून, म्हणजे छत्र्या तपासणाऱ्या जाणकाराकडून, तपासून घे. सेकंडहँड बंब मीसुद्धा पाणी भरून बघितल्याशिवाय घेत नाही.

आता ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला बसलो, ते.

तुझ्या कागदांत निर्णयाची उंची नावाचा एक आकडा आहे. छत्री ३००० फुटांच्या वरच उघडायची. आणि उघडलेली छत्री नीट नसेल, गुंता असेल, वळत नसेल, तर २५०० फुटांपर्यंत ठरवून मोकळं व्हायचं. मुख्य छत्री सोडायची, रिझर्व्ह म्हणजे राखीव छत्री ओढायची. त्याच्या खाली विचार करत बसायचं नाही. ते वाचलं आणि मला २००८ चा सप्टेंबर आठवला.

तू तेव्हा तिसरीत होतीस. तुला आजीकडे गंगापूर रोडला ठेवलं होतं, म्हणून तू दुकान पाहिलं नाहीस. भांडी बाजारातल्या जुन्या लोकांचा नियम एकच. गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की माल वर चढवायला घ्यायचा. छातीला लागलं की दुकान सोडायचं. धरणातून किती सोडलं, पाऊस थांबला का, कुणाला विचारत बसायचं नाही. माझे बाबा तीस वर्षं हाच नियम पाळत आले. त्या वर्षी ते अंथरुणावर होते आणि दुकान माझ्या ताब्यात होतं. कमरेला पाणी लागल्याचं पोराने धावत येऊन सांगितलं. मी स्वतः जाऊन पाहिलं. आणि मला वाटलं, अजून अर्धा तास बघू. आदल्या दोन वेळेला कमरेपर्यंत येऊन पाणी उतरलं होतं आणि मी उगाच सगळा माल माळ्यावर चढवून कंबर धरून बसलो होतो. शेजारचे गोण्या भरत होते, मी चहा पीत उभा होतो.

अर्ध्या तासाने रस्त्यावर घोटाभर पाणी होतं. त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्याने आठवतं. पितळी घागरी एकेक करून फळीवरून उचलल्या गेल्या आणि एकमेकींवर आपटत, ठण ठण आवाज करत, दारातून सराफ बाजाराकडे निघाल्या. मी एक घागर दोन्ही हातांनी धरली आणि दुसरी निसटली. बाहेरून कुणी तरी ओरडलं, घागरी सोड, बाहेर ये. पाणी ओसरल्यावर समयांच्या नक्षीत जो गाळ बसला, तो तुझी आई चिंचेच्या कोळाने दिवाळीपर्यंत काढत होती. बाबांनी मला एक शब्द विचारला नाही. त्याचंच जास्त लागलं.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा पूर आला. कमरेची बातमी आली आणि मी कुणालाही काही न विचारता माल चढवायला घेतला. मारुती पुरा बुडाला, आपल्या दुकानात पाणी होतं, पण तांब्याभर माल गेला नाही.

चूक पाणी वाढण्यात नव्हती. खूण कोरड्या दिवशी, शांत डोक्याने ठरवलेली होती आणि मी ती पाण्यासमोर उभं राहून पुन्हा ठरवायला गेलो. तुला तर अर्धा तासही नाही. मुक्त पडताना ताशी १९० किलोमीटरच्या वेगाने हजार फूट जायला सहा सेकंदही लागत नाहीत. 'अजून एकदा ब्रेक ओढून बघते, सुटेल' हा विचार म्हणजे माझा चहा. म्हणून दर उडीआधी, विमानात बसल्यावरसुद्धा, हात फिरवून म्हण, उजवं हँडल बघ, धर, ओढ, मग डावं. रिग भाड्याची आहे, तेव्हा हँडल कुठे आहे ते दर वेळी हाताने चाचपून बघ. रिझर्व्ह आपोआप उघडणारं यंत्र आहे, ते मला माहीत आहे. ते बेशुद्ध माणसासाठी आहे. तुझ्या २५०० फुटांच्या हिशेबात ते धरायचं नाही.

वाऱ्याबद्दलही सांगायचं आहे. आज तुला ताशी १४ मैलांच्या वर वारा गेला की उडू देत नाहीत, आणि त्याचा तुला राग येतो. लायसन्स मिळाल्यावर नियमात ती मर्यादा राहत नाही. मग ती तू घालायची. वहीत आधी लिहून ठेव, अमुक वाऱ्याच्या वर मी जमिनीवर थांबणार, आणि विमान समोर उभं असताना तो आकडा बदलू नकोस. तिथे अ‍ॅरिझोनात वावटळी फार उठतात म्हणालीस. आपल्याकडे चैत्र-वैशाखात शेतातली वावटळ खळ्यावरचं भुसकट झाडापर्यंत नेते, तू मामाकडे पाहिली आहेस. तसला भोवरा छत्रीखालून गेला तर छत्री मिटू शकते. दुपारचं ऊन तापलं की थोडं थांबून सकाळ-संध्याकाळच्या उड्या घे.

घडी घालणं स्वतः शिकलीस ते फार आवडलं. त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर दीड तास लागला तुला. गुडघ्यांवर बसून, घामाने हात चिकट झालेले, कापडातली हवा छातीने दाबून काढत होतीस. दोऱ्यांवर सरकणारा तो कापडी स्लायडर वर नेऊन टेकवलास, दोऱ्या रबरबँडमध्ये एकेक अडकवल्यास, आणि मध्येच थांबून म्हणालीस, 'बाबा, ब्रेक लावले का मी?' आणि सगळं उलगडून परत पाहिलंस. ब्रेक लावलेले होते. तरी उलगडलंस. त्या क्षणी मला पहिल्यांदा तुझ्याबद्दल निवांत वाटलं. बाकीचे पंधरा मिनिटांत करतात म्हणून लाजू नकोस. रिझर्व्हची घडी मात्र रिगरचीच, आणि १८० दिवसांची तारीख उलटली नाही ना, ते भाड्याची रिग घेताना कार्डावर बघ.

कॅमेरा २०० उड्यांनंतर. विंगसूटलाही, म्हणजे त्या पंखांच्या पोशाखालाही, तोच आकडा आहे, तुला वाचून माहीत आहे. यावर मी वाद घालणार नाही. हेल्मेटवर कॅमेरा असला की दोरी अडकायला एक जागा वाढते आणि लक्ष वाटलं जातं.

तू नेहमी शीतल महाजनांचं नाव घेतेस. पुण्याची मुलगी, २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर उडी मारली, २०११ मध्ये पद्मश्री, पुढे थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी. मलाही त्यांचं कौतुक आहे. आईने तर तो नऊवारीचा फोटो जपून ठेवला आहे. पण नऊवारीची ती उडी उत्तर ध्रुवानंतर चौदा वर्षांनी आली. मधल्या वर्षांचे फोटो कुणी जपून ठेवत नाही.

अजून एक. कामामुळे मध्ये खंड पडला आणि ३० दिवस उलटले, तर आधी इन्स्ट्रक्टरबरोबर एक उडी घे. लायसन्सनंतर ती मुदत ६० दिवसांची होते, पण तू ३० चीच पाळ. बी लायसन्सच्या वेळी हार्नेसचे पट्टे घालून पाण्यात उतरायचं शिकवतात म्हणे. पोहणं गांधी तलावात शिकलीस, पण ते बारा वर्षांपूर्वी. आतापासून आठवड्यातून एकदा तरी पोहायला जा.

पैसे सोमवारी बँकेत जाऊन पाठवतो. कोच आणि छत्रीचा कोर्स, एवढंच. आईने कुरडया केल्या आहेत, मामाचा मुलगा जूनमध्ये येतोय, त्याच्याबरोबर देते म्हणाली. ती तुझ्या उड्यांबद्दल काही विचारत नाही, पण शनिवारी रात्री फोन उशाशी घेऊन झोपते. विमानात चढताना मेसेज करू नकोस, मग ती जागीच राहते. उतरल्यावर कर. 'उतरले' एवढा एक शब्द पुरे. आणि मला वेगळं कळव, वारा किती होता आणि घडीला किती वेळ लागला.

तुझे,
बाबा