ओळ का बदलली, हे लिहायला शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकांच्या पत्रांत गेल्या आठवड्यात एका पालकांचं पत्र होतं. इंजिनिअरिंगच्या मुलांना चार-चार प्रोग्रामिंग भाषा शिकवून गोंधळात टाकण्यापेक्षा एकच भाषा पक्की करून घ्यावी, असं त्यांचं म्हणणं. त्यामागची तळमळ मला समजते. पण मी ३४ वर्षं पाण्याच्या आणि पावसाच्या हिशेबाची सॉफ्टवेअर लिहीत होतो. या धंद्यात एका भाषेवर कुणाचंच भागत नाही, हे मी रोज बघितलंय. मुलांची अडचण दुसरीकडेच आहे: प्रोग्राममधली ओळ का बदलली, हे लिहून ठेवायची सवयच त्यांना नसते. ते सांगण्यासाठीच हे पत्र.

आज ज्याला त्याला पायथन येतं. पायथनमध्ये सायपाय हा गणिताचा तयार संच वापरून समीकरणं सोडवायला घेतली, की आतून लॅपॅक नावाचा गणिती प्रोग्रामांचा संग्रह कामाला लागतो. तो १९९२ साली पहिल्यांदा प्रसिद्ध झाला आणि लिहिलाय फॉर्ट्रानमध्ये. फॉर्ट्रान ही भाषा आयबीएमने १९५७ साली बाहेर आणली. म्हणजे पायथन लिहिणारी मुलं नकळत आजोबांच्या भाषेत हिशेब करत असतात. त्यात गैर काही नाही. इतकी वर्षं तावूनसुलाखून निघालेलं गणित केवळ भाषा जुनी म्हणून फेकून देणं हा शहाणपणा नव्हे. प्रोग्रामच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं गिट घ्या. लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिनक्स या संगणकप्रणालीच्या कर्नलसाठी, म्हणजे तिच्या मुळाशी असलेल्या प्रोग्रामसाठी, ते लिहिलं, कारण तोवर याच कामासाठी वापरात असलेल्या बिटकीपरची फुकट वापराची सवलत बंद झाली होती. गिटचा गाभा सी भाषेत. भोवतालच्या बऱ्याच आज्ञा शेल आणि पर्ल या भाषांमध्ये होत्या, त्या पुढे हळूहळू सीमध्ये आल्या. इतिहास चित्ररूपात दाखवणारी गिटके नावाची खिडकी आजही टीसीएल या आणखी एका भाषेत आहे. भाषांची सरमिसळ होणारच. घोळ होतो तो दोन भाषा जिथे एकमेकींना भिडतात त्या सांध्यावर.

२०१८ सालची गोष्ट. सातारा जिल्ह्यातल्या १२ पर्जन्यमापक केंद्रांच्या बारा महिन्यांच्या आकड्यांवरून बंधाऱ्यांसाठी पाण्याचा अंदाज काढायचं काम आमच्याकडे होतं. हिशेबाचा मूळ भाग एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये फॉर्ट्रानमध्ये लिहिलेला. तो इतका तपासलेला होता की त्याला हात लावायचा नाही, असा आमचा शिरस्ता. पायथनमधून आकडे वाचायचे आणि तक्ता त्या फॉर्ट्रानच्या हाती सोपवायचा. आता तक्ता कागदावर आडवा-उभा दिसला तरी संगणकाच्या मेमरीत सगळे आकडे एकाच रांगेत बसतात. पायथनमधलं तक्ते हाताळणारं नमपाय नेहमीच्या रीतीने ती रांग आडव्या ओळींनी लावतं, फॉर्ट्रान उभ्या स्तंभांनी वाचतं. म्हणून तक्ता सोपवण्याआधी तो फॉर्ट्रानच्या मांडणीत लावून घेणारी एक ओळ मी घातली होती.

ती ओळ फसवी आहे. तिच्या आधी तक्ता छापा, नंतर छापा, पडद्यावर तंतोतंत तेच दिसतं. बदलते ती फक्त आतली मांडणी. आमच्याकडच्या एका नव्या मुलाने नेमकं हेच केलं. दोन्हीकडे छापून पाहिलं, फरक नाही, तेव्हा ओळ बिनकामाची म्हणून काढून टाकली. मुलगा हुशार, तपासल्याशिवाय त्याने हात लावला नव्हता. १२ केंद्रं आणि १२ महिने, तक्ता चौकोनी. त्यामुळे आकार जुळत नाही म्हणून प्रोग्रामही अडला नाही. आडव्याचं उभं आणि उभ्याचं आडवं झालं. जिल्ह्याची एकूण बेरीज मात्र तीच राहिली आणि आम्ही पडताळा घ्यायचो तो बेरजेचाच.

ही चूक पकडली ती आकडे भरायला बसणाऱ्या आमच्या ताईंनी. त्या माणदेशातल्या. यादीत दहिवडी सातव्या क्रमांकावर होती आणि महाबळेश्वर पहिल्या. तक्ता उलटल्यामुळे महाबळेश्वरचा जुलै दहिवडीच्या जानेवारीत जाऊन बसला होता, दोन हजार मिलीमीटरच्या वर. ताई कागद घेऊन माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, “सर, आमच्याकडं चार वर्षांत मिळून एवढा पडत नाही, हा जानेवारीत कुठनं आला?” मी कागद हातात घेतला. दहिवडीच्या ओळीत बाराही महिने पाऊस होता. खरं तर ते बारा केंद्रांचे जुलैचे आकडे होते, एकापुढे एक मांडलेले. महाबळेश्वरच्या ओळीत जवळजवळ सगळी शून्यं. तो अहवाल दोन दिवसांनी बाहेर जाणार होता. कुठे किती मोठा बंधारा घालायचा, हे त्यावरून ठरायचं होतं.

मग शोध सुरू झाला. गिटमध्ये ब्लेम नावाची आज्ञा आहे. कुठली ओळ शेवटी कुणी बदलली ते ती सांगते, पण नाहीशी झालेली ओळ तिला कुठून दिसणार? म्हणून बायसेक्ट ही गिटचीच दुसरी आज्ञा लावली. बरोबर उत्तर देणारी एक जुनी नोंद आणि चूक देणारी आजची नोंद धरायची, मधली नोंद चालवून बघायची, निम्मं क्षेत्र बाद करायचं, असं करत जायचं. मध्ये साधारण दीडशे कमिट, म्हणजे गिटमधल्या बदलांच्या नोंदी, होते, आठ फेऱ्यांत नेमकं सापडलं. त्या कमिटवर त्या मुलाने लिहिलं होतं, “क्लीनअप”. मी त्याला बोलावलं. आवाज चढवून बोललो, हे कबूल करतो. तो एवढंच म्हणाला, “सर, ही ओळ का आहे ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.”

मी उलटा शोध घेतला. ओळ पहिल्यांदा कधी आली? २०१३ च्या मार्चमधली माझीच नोंद निघाली. त्यावर माझ्या नावाने लिहिलं होतं, “मायनर चेंज”. ती ओळ घालायला मला दोन दिवस लागले होते. उत्तरं का चुकतायत ते शोधताना रात्री अकरापर्यंत ऑफिसात बसल्याचं मला चांगलं आठवतं. दोन दिवसांत जे कळलं, ते मी दोन शब्दांत पुरून टाकलं. चूक माझी होती. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मी त्या मुलाची माफी मागितली.

गिट काय बदललं ते अक्षर न् अक्षर जपून ठेवतं. का बदललं, ते माणसानेच लिहायचं असतं. हल्ली यंत्राकडून कमिटचा मजकूर लिहून घेतात, पण तिथेही बदल काय झाला याचंच वर्णन असतं. दहिवडीला जानेवारीत पाऊस पडत नाही म्हणून ही ओळ आहे, हे ते यंत्र कुठून लिहिणार?

लिनक्सच्या कर्नलमध्ये डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीपासून सीच्या जोडीला रस्ट या भाषेलाही जागा मिळाली. म्हणजे तिथेही दोन भाषांचा सांधा आला. पण कर्नलला बदल पाठवायचा तर आधी अडचण काय होती ते सांगावं लागतं. पाठवणाऱ्याच्या नावाची ओळ खाली असते. जुनी चूक सुधारली असेल तर ती कुठल्या कमिटने आली, त्याचा क्रमांक देण्याची पद्धत आहे. जगभरची माणसं, एकमेकांना कधी न भेटलेली, एवढं अवाढव्य काम त्या मजकुराच्या आधाराने सांभाळतात.

आता आपल्याकडचं. निवृत्तीनंतर शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा बाह्य परीक्षक म्हणून मी काही महाविद्यालयांत जातो. नावं सांगत नाही, चित्र सगळीकडे सारखंच आहे. बरेच गट पेनड्राइव्हवर फोल्डर आणतात. त्यांची नावं फायनल, फायनल दोन, फायनल सबमिशन नवीन. जे गिट वापरतात त्यांचा इतिहास म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्रीचा एकच कमिट. नाहीतर ओळीने तेच दोन शब्द, “चेंजेस डन”. याच वर्षी एका मुलीच्या प्रोग्राममध्ये पायथन आणि सी प्लस प्लस जोडलेलं होतं आणि एकच यादी दोन्हीकडे पुन्हा क्रमाने लावलेली दिसली. मी विचारलं, “दोनदा कशाला गं?” तिने इंग्रजीत सुरुवात केली आणि अडखळली. म्हटलं, मराठीत सांग. चार वाक्यांत असं स्वच्छ सांगितलं तिने: सारख्या किमतीच्या नोंदींचा क्रम पायथन राखतं, तिने सी प्लस प्लसमध्ये वापरलेली सॉर्ट ही क्रम लावणारी आज्ञा ती हमी देत नाही, म्हणून परत आल्यावर पुन्हा लावावी लागते. पूर्ण गुण दिले मी तिला. पण कमिट उघडला तर तिथे “चेंजेस डन”. चार वाक्यं तिच्या डोक्यात तयार होती, ती लिहायची कुठल्या भाषेत, एवढ्यावर अडलं होतं.

मग मराठीत लिहा ना! गिटला कमिटचा मजकूर देवनागरीत चालतो, काहीही वेगळं करावं लागत नाही. फाइलचं नाव देवनागरीत ठेवलं तर मात्र स्टेटस, म्हणजे कुठल्या फाइली बदलल्या ते, बघताना नावाच्या जागी आकड्यांची माळ दिसते, नुसत्या ‘क’साठी ३४०, २४४, २२५ असे तीन आकडे. ते पाहून मुलं घाबरतात आणि मराठीचा नाद सोडतात. कोटपाथ नावाचं एक सेटिंग बंद केलं की नाव नीट दिसतं. परप्रांतातले सहकारी असतील तिथे इंग्रजी लागेलच, ते ओघाने येईल. कारण मांडायची सवय मात्र आधी आपल्या भाषेत लागू दे.

विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांना माझी विनंती आहे की, प्रोजेक्टबरोबर गिटचा पूर्ण इतिहास जमा करणं सक्तीचं करावं आणि त्याला किमान दहा गुण ठेवावेत. तोंडी परीक्षेत परीक्षकाने कुठलेही तीन कमिट उघडून ‘हे का केलंस?’ एवढंच विचारावं. पहिल्या वर्षाच्या पहिल्या सत्रापासून गिट शिकवावं, त्यासाठी वेगळी प्रयोगशाळा लागत नाही. भाषा कितीही शिकवा, फक्त दोन भाषा जोडायचं एक तरी काम मुलांच्या हातून होऊ द्या आणि त्या सांध्यावर कारण लिहून घ्या.

ती ओळ आम्ही परत घातली तेव्हाचा कमिट त्या मुलानेच लिहिला, मराठीत: “फॉर्ट्रान तक्ता उभ्या स्तंभांनी वाचतं. ही ओळ काढली तर केंद्र आणि महिने यांची अदलाबदल होते. एकूण बेरीज बरोबरच येते, त्यामुळे चूक दिसत नाही. दहिवडीचा जानेवारी तपासावा.” त्या कार्यालयात आजही तो प्रोग्राम चालतो आणि दर पावसाळ्यानंतर कुणीतरी दहिवडीचा जानेवारी तपासतं.

सातारा परिसरातल्या कुठल्या महाविद्यालयाला हवं असेल तर शनिवारी येऊन मुलांना हे शिकवायची माझी तयारी आहे, मानधन नको. पत्ता आणि दूरध्वनी आपल्या कार्यालयाकडे दिला आहे.

आपला,
एक निवृत्त अभियंता, सातारा