बाई, नावं घेतली

ती. बाईंना सा. न. वि. वि.

तुमच्या टॅपच्या वर्गात, म्हणजे तळाला पत्र्या लावलेल्या बुटांनी ताल वाजवत नाचायच्या त्या अमेरिकन नाचाच्या वर्गात, सगळे तुम्हाला पहिल्या नावाने हाक मारतात. सत्तरीच्या बाईंना तशी हाक मारायला माझी जीभ कधी वळली नाही, म्हणून पहिल्या आठवड्यापासून मी 'बाई' म्हणते. सहा महिन्यांनी तुम्ही विचारलंत, 'तू आल्या आल्या मला बाय का म्हणतेस?' तेव्हा कुठे उलगडा झाला.

हे पत्र मराठीत लिहितेय, कारण गणपतीच्या कार्यक्रमाला जी मंडळी सभागृहात होती त्यांनीही ते वाचावं. तुम्हाला माझी लेक इंग्रजीत सांगेल. ती फार भरभर सांगते, मधेमधे थांबवा.

आधी प्लायवुडबद्दल. मंडळाला शाळेचं सभागृह मिळालं तेव्हा स्टेज आहे, माइक आहे, एवढंच मी पाहिलं होतं. तुम्ही फोनवर पहिला प्रश्न केलात, 'पायाखाली काय आहे?' फरशी होती आणि फरशीखाली काँक्रीट. त्यावर टॅप केला तर आवाज मरतो आणि पोरांचे गुडघे दुखतात. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी न्यू जर्सीच्या त्या पावसात तुम्ही व्हॅनच्या टपावर चार प्लाय दोरीने बांधून आणलेत, सांध्यांवर चिकटपट्टी मारलीत आणि अनवाणी चालून कुठे डुगडुगतंय ते पाहिलंत. सोबत अकरा जोड जुने बूट, प्रत्येकात वर्तमानपत्राचा बोळा.

मग तुम्ही जिन्यात बसलात. एकेक बूट उलटा करायचा, तळाच्या पत्रीवर नखाने टिचकी मारायची, कान जवळ न्यायचा, छोट्या स्क्रूड्रायव्हरने स्क्रू अर्धा पीळ सैल करायचा. पत्री अगदी घट्ट असली तर आवाज बसका येतो, जास्त सैल झाली तर नुसता खुळखुळा. आमच्याकडे तबलजी हातोडीने गठ्ठे ठोकत तबला मिळवतात, तोच चेहरा होता तुमचा. अकरा जोड म्हणजे टाचा आणि चवडे मिळून चव्वेचाळीस पत्र्या. बाहेर मोदकांची रांग लागली होती, तुम्ही मान वर केली नाहीत.

पण खरे आभार निराळ्याच गोष्टीचे आहेत.

तीन वर्षांपूर्वी मी तुमच्या चर्चच्या तळघरातल्या वर्गात आले ती जरा तोऱ्यातच. पुण्यात दहावीपर्यंत कथक केलेलं. तत्कार, म्हणजे कथकचं पायांचं काम, येतो म्हणजे टॅप येणारच, असा हिशोब. शिम शॅम नावाच्या टॅपच्या नाचाने पहिल्याच दिवशी तो चुकवला. आमचं सगळं समेकडे, पहिल्या मात्रेकडे धावतं, आणि इथे पहिला स्टॉम्प, म्हणजे आपटलेला पाय, पडतो आठव्या काउंटवर, 'एक' यायच्या आधी. मी 'एक'ची वाट बघत उभी, तोवर अख्खा वर्ग पुढे निघून गेलेला. तीन आठवडे माझी गाडी चुकत होती.

चौथ्या आठवड्यात एकदाची गाडी पकडली आणि तुम्ही थांबवलंत. 'हे कोणाचं?' मी म्हटलं, शिम शॅम. 'ते नाचाचं नाव. माणसाचं सांग.' मग तुम्हीच सांगितलंत: लेनर्ड रीड आणि विली ब्रायंट, १९२०च्या दशकाची अखेर, मुळात नाव 'गूफस', बत्तीस बारचा (एक बार म्हणजे चार मात्रा) छोटासा नाच. आता टॅपवाले कुठेही जमले की शेवटी सगळे मिळून हाच नाचतात, नवखे नि मुरलेले एका ओळीत. रीड यांचं नाव आलं आणि माझा हात सवयीने कानाच्या पाळीकडे गेला. तुम्हाला वाटलं, मला ऐकू आलं नाही. तुम्ही मोठ्याने म्हणालात, 'लेनर्ड रीड!' मी परत कान धरला. तिसऱ्यांदा तुम्ही ओरडलात तेव्हा वर्ग हसायला लागला आणि मला सांगावं लागलं की आमच्याकडे गुरूचं, उस्तादाचं नाव घेताना असा कान धरतात. तुम्ही काही बोलला नाहीत. फक्त एकदा स्वतः करून पाहिलंत, तेव्हा बोट कानातल्या रिंगमध्ये अडकलं.

त्यानंतर तुम्ही मला नावं द्यायला लागलात. १७३९मध्ये साउथ कॅरोलायनात स्टोनोचा गुलामांचा उठाव झाला आणि पुढच्याच वर्षीच्या कायद्याने गुलामांच्या ढोलांवर बंदी आली. तरी ताल राहिला, हातांत आणि पायांत. पुढे न्यू यॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स वस्तीत आयरिश जिग आणि हे पाय एकमेकांना भेटले. १८४२मध्ये इंग्लिश कादंबरीकार चार्ल्स डिकन्स तिथे गेला, एका काळ्या तरुणाचं नाचणं बघून थक्क झाला, प्रवासवर्णनात त्याच्यावर भरभरून लिहिलं आणि नाव मात्र लिहिलं नाही. तो विल्यम हेन्री लेन, म्हणजे मास्टर जुबा, असं मानतात. हे सांगताना तुमचा आवाज चढला होता. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या माणसावर एवढं कशाला रागवायचं, असं मला तेव्हा वाटलं होतं.

दुसऱ्या वर्षी मी इंटरनेटवर बघून एक घसरण बसवली. महिनाभर घासली होती. तुम्ही चार सेकंदांत ओळखलीत, 'जिमी स्लाइड. मी त्यांना ला केव्हमध्ये पाहिलंय.' नव्वदच्या दशकात न्यू यॉर्कमधल्या त्या क्लबात त्यांच्या जॅम सेशनला तुम्ही कोपऱ्यात बसायचात, तिथे नवी पोरं म्हाताऱ्यांसमोर नाचून शिकायची. मला वाटलं, शाबासकी मिळणार. तुम्ही म्हणालात, 'हुबेहूब केलीस. आता ती मोड.' आणि हार्लेममधल्या हूफर्स क्लबची गोष्ट सांगितलीत. लाफायेत थिएटरजवळची लहानशी खोली, एक पियानो, रात्रभर एकमेकांना आव्हानं. एकमेकांच्या स्टेप्स सगळेच चोरायचे. नियम एकच होता, जशीच्या तशी उचलायची नाही. जॉन बबल्ससारखा माणूस तर आपली स्टेप कोणाच्या हाती लागू नये म्हणून ती सतत बदलत राहायचा.

मला हे पटायला वेळ लागला, अजूनही पूर्ण पटलंय असं नाही. आमच्याकडे 'अगदी गुरूसारखं' ही दाद असते, तुमच्याकडे ती जवळजवळ शिवी. नाव जुन्याचं घ्यायचं आणि पाय आपलेच टाकायचे, या दोन गोष्टी एकाच वेळी करताना माझी अजून धांदल उडते.

जेनी लगॉन यांची गोष्ट मात्र मी कायमची ठेवून घेतली. १९३५मध्ये हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओने करार केलेली, पुरुषांसारखी पँट घालून उड्या मारत टॅप करणारी बाई. पण पडद्यावर वाट्याला येत राहिल्या मोलकरणीच्याच भूमिका. १९६९मध्ये त्या व्हँकुव्हरला गेल्या आणि कित्येक वर्षं शिकवत राहिल्या. चित्रपटाने जे दिलं नाही ते वर्गाने दिलं, असं काहीतरी गोड मी बोलून गेले. तुम्ही म्हणालात, 'दोन्ही मिळायला हवं होतं.'

आता कार्यक्रमाचं. गणपतीत टॅप कशाला, यावर मंडळात दोन मीटिंगा झाल्या. कथकचे पंडित चित्रेश दास आणि टॅपचे जेसन सॅम्युएल्स स्मिथ यांनी 'इंडिया जॅझ स्वीट्स'मध्ये घुंगरू आणि टॅप समोरासमोर आणले होते, ते मी सांगितलं. त्यापेक्षा, पोरं आमचीच आहेत, हा मुद्दा जास्त चालला. तुमची एकच अट होती, नाचाआधी नावं वाचायची. मी निवेदकाला सहा ओळी लिहून दिल्या. कार्यक्रम चाळीस मिनिटं लांबला होता, आरती खोळंबली होती, म्हणून त्यांनी त्या गाळल्या आणि जाहीर केलं, 'आता बालगोपाळांचं अमेरिकन नृत्य!'

तुम्हाला मराठीचा एक शब्द येत नाही. तुम्ही विंगेत उभ्या राहून फक्त नावं ऐकत होतात आणि ती आली नाहीत. पडदा उघडला, पोरं उभी, आणि तुम्ही लॅपटॉपवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिलात. गाणं लागेना. समोर कुजबुज सुरू झाली, कोणीतरी 'साउंड! साउंड!' ओरडलं. मी खुणा करत होते, नंतर सांगू. तुम्ही हललाच नाहीत.

तेव्हा मला डिकन्सवरचा तो राग कळला, बाई.

मी साडी सावरत माइककडे गेले. कागद निवेदकाच्या खिशात होता. तोंडपाठ म्हटलं: मास्टर जुबा, बिल बोजँगल्स रॉबिन्सन, लेनर्ड रीड, विली ब्रायंट, जेनी लगॉन, जिमी स्लाइड. प्रत्येक नावाला हात आपोआप कानाकडे. पहिल्या रांगेतल्या आजींनी का कोण जाणे, स्वतःच्याही कानाला हात लावला. मग त्यांच्या शेजारणीने. शेवटी मी तुमचं नाव घेतलं. ते कागदावर नव्हतं, आणि इथे लिहीत नाही, कारण तुम्हाला चालणार नाही. मग तुम्ही गाणं लावलंत.

पोरं आठवर उठली. सगळी. मला तीन आठवडे लागले होते.

प्लाय गॅरेजमध्ये उभे करून ठेवलेत, कोरडे आहेत. बूट रविवारी आणते, पण दहाच जोड. अकरावा एका सात वर्षांच्या मुलाकडे आहे. तो ते पायातून काढत नाही आणि खालच्या मजल्यावरच्यांनी दोनदा तक्रार केली आहे. त्याच्या आईने पैसे देऊ केले, मी घेतले नाहीत. डाव्या टाचेचा एक स्क्रूही त्याने हरवला आहे. काय करायचं ते तुम्हीच सांगा.

तुमची,
आठव्या काउंटला उशिरा पोचणारी