दगड बघायला नक्की जा

बाय,

काल फोनवर तू म्हणालीस की उसगाळीमळच्या सहलीला नाव दिलं नाही, रविवारी गणिताचा क्लास आहे आणि तिथे काय दगडच तर आहेत. मधेच आजीने फोन घेतला, माझं बोलणं राहून गेलं, म्हणून हे लिहितेय, सावकाश वाच.

दगडच आहेत, खरंय. पण आपल्या गोव्यातच, रिवणच्या पुढे कुशावती नदीच्या काठावर जांभ्याचा जो सपाट कातळ आहे ना, त्यावर कोरलेले बैल आहेत, हरणं आहेत, माणसं आहेत, आणि एक गोल गोल आत जाणारं चक्रव्यूहासारखं चित्र आहे, सगळ्या मिळून शंभरावर आकृत्या. 1993 मध्ये अभ्यासकांचं तिकडे लक्ष गेलं. हजारो वर्षं जुन्या आहेत असं म्हणतात पण नेमका काळ कुठला यावर त्यांचं अजून एकमत नाही, म्हणजे बघ, तुझ्या टीचरनाही ज्याचं पक्कं उत्तर देता येणार नाही असा प्रश्न समोर असणार. पुस्तकात धड्याखाली प्रश्न छापलेले असतात, इथे प्रश्नसुद्धा तुलाच शोधायचाय. बैलांना वशिंड आहे का? ती रेघ कशाने कोरली असेल? सगळे फोटो काढून पाच मिनिटांत बसकडे पळतील, तू तसं करू नकोस. एकच आकृती निवड आणि खाली बसून पेन्सिलने वहीत काढ. हाताने काढायला लागलं की डोळ्यांना न दिसलेलं दिसायला लागतं, मला तरी तसंच होतं.

अभ्यास बुडतो म्हणतेस. अगं 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराशिवाय शिकू द्या असं लिहिलंय, सुतारकाम, मातीकाम, बागकाम अशी कामं करणाऱ्यांकडून हाताने शिकायचं म्हणून. आठवीत आहेस तू, तुझ्यासाठीच आहे ते. एक क्लास चुकला तर सर परत समजावतील, मी बोलते त्यांच्याशी.

आणि गणित तर बाहेर पण आहे. आपल्या आगरवाड्याचं मिठागर घे. रस्त्यावरून जाताना पांढरे ढीग दिसतात, पण आत काय चालतं ते तू कधी थांबून बघितलंच नाहीस. पाऊस संपला की वाफ्यांतलं गोडं पाणी काढायचं, बांध दुरुस्त करायचे, मग चिखल पायांनी मळून आणि चोपून तळ इतका घट्ट करायचा की पुढे मीठ ओढताना त्यात माती येता कामा नये. शापोरा नदीला भरती आली की मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, खारं पाणी आत घेतात आणि एका वाफ्यातून दुसऱ्यात असं फिरवत उन्हात आटवत नेतात. शेवटच्या वाफ्यात दुपारी पाण्यावर दुधावरच्या सायीसारखा पातळ पापुद्रा धरतो, जरा हललं की खाली बसतो, ते मीठ. आपले शेजारचे काका पाण्यात बोटं बुडवून चोळतात आणि सांगतात की उद्या धरणार की नाही. त्यांना विचार की बोटांना काय कळतं, ते सांगतील, त्यांना आवडतं सांगायला, फक्त कोणी विचारत नाही.

आता हिशेब कर. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, तर एक किलोला किती लिटर पाणी आटवायचं? पण थांब, सगळे क्षार खायचं मीठ नसतात, मॅग्नेशियमवाले शेवटच्या पाण्यात उरतात आणि ते पाणी कडू लागतं, म्हणून पूर्ण आटेपर्यंत थांबत नाहीत, ते आधीच सोडून देतात. मग आता उत्तर वाढेल की कमी होईल? तुझ्या पुस्तकात गुणोत्तर-प्रमाण आहे ना, तेच हे, फक्त पाय चिखलात घालून करायचं.

मोरजीच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणाऱ्या कासवांचं पण तसंच. वाळू जास्त तापली तर अंड्यांतून माद्या जास्त निघतात हे तुला पाठ आहे, मार्कही मिळाले, पण वनखात्याची माणसं घरट्याभोवती जाळी का लावतात आणि वाळूवरच्या शॅकच्या, म्हणजे त्या झोपडीवजा हॉटेलांच्या, दिव्यांनी पिल्लं उलट्या दिशेला का जातात हे किनाऱ्यावर उभं राहून बघितलंस की त्याच धड्याची काळजी वाटायला लागते. मला तुझी हीच काळजी वाढायला हवीय, मार्कांची नाही.

आणि वक्तृत्वाला भीती वाटते म्हणतेस ना, तर जत्रेत दशावतार उशिरापर्यंत बघ, मी जागते तुझ्याबरोबर. त्या नटांकडे लिहिलेले संवाद नसतात, कथा ठरलेली, बाकी बोलणं तिथल्या तिथे. एक राजा अडखळला तर दुसरा कसा सांभाळून घेतो ते लक्ष देऊन ऐक, भाषणाच्या क्लासात हे कोणी शिकवणार नाही.

सहलीचे पैसे मामाच्या गुगल पे वर टाकलेत. उद्याच टीचरना नाव दे, टोपी आणि पाण्याची बाटली घे, कातळावर सावली नसणार. वही साधी चालेल, पेन्सिल मात्र मऊ घे.

परीक्षा संपली की एप्रिलात इकडे ये, पाऊस लागायच्या आत, तेव्हा मिठागर भरात असतं. एक लिटरचं माप आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन जाऊया, तुझं उत्तर बरोबर येतं का तिथेच बघू. मैत्रिणीलाही आण हवं तर, तिच्या आईशी मी बोलते.

तुझी आई