सर्व्हर डाऊन नाही, प्रायमरी की चुकलीय

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

मध्यंतरी तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, दाखला काढायला सेतूत गेले तर आधी "सर्व्हर डाऊन" आणि नंतर गेले तर "तुमचं नाव आधीच आहे, नवीन अर्ज घेत नाही" असं ऐकून परत यावं लागलं, आणि मग नेहमीप्रमाणे सगळा राग खिडकीमागच्या पोरावर काढलेला. मी डेटाबेसचं, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये माहिती नीट साठवायचं काम करतो, आधी फॉक्सप्रो, मग ओरॅकल, आता पोस्टग्रेस, म्हणून त्या दुसऱ्या वाक्याबद्दल लिहावंसं वाटलं. सर्व्हर बंद पडला तर संध्याकाळपर्यंत उठतो हो. "नाव आधीच आहे" हे दुखणं मात्र असं बरं होत नाही, कारण ते सिस्टिम कागदावर असतानाच लागलेलं असतं, ज्या दिवशी कोणीतरी प्रायमरी की कोणती ठेवायची हे दहा मिनिटांत ठरवून टाकलं त्या दिवशी.

प्रायमरी की म्हणजे टेबलमधला, म्हणजे माहितीच्या तक्त्यातला, प्रत्येक रेकॉर्ड ओळखायची खूण, दुसऱ्या कोणाला नसलेली आणि जन्मात न बदलणारी. यात नवीन काहीच नाही. आयबीएम कंपनीतल्या एडगर कॉड यांनी १९७० सालच्या त्यांच्या प्रसिद्ध शोधनिबंधात प्रायमरी कीची कल्पना मांडलीय, आमच्याकडे इंजिनिअरिंगला पोरं ते पाठ करून येतात, आणि कामाला लागली रे लागली की पहिल्याच प्रोजेक्टमध्ये मोबाईल नंबरला की करून मोकळी होतात.

मोबाईल नंबर म्हणजे माणूस नाही. खेड्यात जाऊन बघा, घरात एकच चालू फोन असतो, त्यावर नवऱ्याची नोंद, बायकोची नोंद, आजीची पेन्शन, पोराची स्कॉलरशिप. ज्याने पहिला अर्ज भरला तो आत आणि बाकीचे "आधीच आहे". शिवाय नंबर कायमचा नसतोच, बंद केलेला नंबर कंपन्या किमान ९० दिवस थांबून दुसऱ्याला देऊ शकतात, हे टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या ट्रायने २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टातच सांगितलंय. म्हणजे रिचार्ज न केल्याने तुमचा नंबर गेला आणि तो नांदेडच्या कोणा मुलाला मिळाला, तर मोबाईललाच माणूस समजणाऱ्या सिस्टिमच्या लेखी तो मुलगा म्हणजे तुम्ही, तुमचे ओटीपी त्याला.

बरं मोबाईल नको तर पुढची आयडिया ठरलेली, नाव अधिक जन्मतारीख. ही आयडिया ज्याला सुचते त्याने महाराष्ट्रातली एखादी मोठी यादी उघडून बघितलेली नसते एवढं नक्की. आपल्याकडे १ जूनला जन्मलेली माणसं इतकी आहेत की परक्या माणसाला वाटेल जूनच्या पहिल्या तारखेला इथे काहीतरी चमत्कारच होतो. चमत्कार गुरुजींचा, शाळेत घालताना तारीख माहीत नसली की वय पूर्ण भरेल अशी १ जून लिहून टाकायची. म्हणूनच दरवर्षी ३१ मेला सरकारी ऑफिसांत निरोप समारंभांची रांग लागते, कारण महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रिटायर होतो. आता एकाच गावात, एकाच आडनावाचे, एकाच पिढीचे दोन संजय, दोघेही १ जूनचे. एकाला सिस्टिम म्हणते तुम्ही आधीच आहात, आणि तो बिचारा शपथेवर सांगत असतो की नाही हो, तो दुसरा.

नावाचं तर विचारूच नका. लग्नानंतर बाईचं मधलं नाव आणि आडनाव बदललं की ती सिस्टिममध्ये नव्याने जन्माला येते आणि जुनी तिथेच बेवारस पडून राहते. त्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम सरकारने ठरवलाय, निर्णय मला आवडला, पण जिथे नावाचे तीनच रकाने आहेत तिथे ऑपरेटर आई आणि वडील एकाच रकान्यात कोंबतो, मध्ये कोणी स्पेस देतो कोणी देत नाही, आणि मग जुळवणी करायला आम्ही बसतो. आणि मराठीत टाईप केलेलं असेल तर अजून एक मजा. "कऱ्हाड" मधला तो अर्धा र कॉम्प्युटरमध्ये दोन वेगळ्या पद्धतीने साठवता येतो, डोळ्याला डिट्टो एकच दिसतं, डेटाबेसला ते दोन वेगळे शब्द वाटतात, त्यात तिसरा ऑपरेटर सरळ "कराड" लिहितो. सर्च केलं की एक तृतीयांश गाव सापडतं.

हे सगळं आपल्याला जमत नाही असं मात्र कोणी म्हणू नये. पिन कोड घ्या. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणातले, पोस्ट खात्यातले मोठे अधिकारी आणि वर संस्कृत कवी. सारख्या नावाची गावं, वेगवेगळ्या भाषांतले पत्ते, वाचता न येणारं अक्षर, यावर त्यांनी सहा आकडे काढले, पहिला आकडा विभाग, पहिले तीन मिळून सॉर्टिंगचा जिल्हा, शेवटचे तीन पोस्ट ऑफिस. नावाचा संबंधच ठेवला नाही. म्हणून औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, तरी पिन कोड जागेवर, गाड्यांचे एमएच २०, एमएच २५, एमएच १६ पण जागेवर. याच्या उलट रेल्वेचे स्टेशन कोड नावावरून पाडलेले, त्यामुळे २०२५ मध्ये संभाजीनगर स्टेशनचं नाव बदललं तेव्हा कोडही नवीन द्यावा लागला. (नाव बदलावं की नाही हा या पत्राचा विषय नाही, त्यावर तुमच्याकडे रोज वेगळी पत्रं येतातच.) ज्या ज्या ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये जिल्ह्याचं नावच की म्हणून ठेवलं होतं त्यांची त्या काळात काय धावपळ झाली ते आमच्या धंद्यातल्यांना विचारा.

आधार नंबर पण या बाबतीत विचार करून केलेला आहे. पहिलं आधार २०१० मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात टेंभली गावात दिलं गेलं. बारा आकडे, त्यात ना राज्य ना जात ना जन्मसाल, आणि बारावा आकडा आधीच्या अकरांवरून गणित करून काढलेला, म्हणजे टाईप करताना एक आकडा चुकला किंवा शेजारशेजारचे दोन उलटे पडले तर नंबर जागच्या जागी नापास होतो, सर्व्हरला विचारायचीही गरज नाही. असा चेक डिजिट आपल्या साध्या साध्या पावती नंबरांना, अर्ज नंबरांना का नसतो हे मला आजवर कळलेलं नाही, फुकट आहे तो. पण म्हणून प्रत्येकाने आधारलाच की करायचं असंही नाही, सोसायटीच्या गेटपासून जिमपर्यंत सगळ्यांच्या टेबलांत तोच नंबर पडून राहिला तर एका टेबलातली माहिती बाहेर फुटली की सगळी टेबलं एकमेकांना जोडता येतात. आपल्या टेबलला आपला स्वतःचा, काहीही अर्थ नसलेला नंबर द्यावा आणि मोबाईल, आधार, नाव हे सगळे बदलू शकणारे साधे कॉलम ठेवावेत. एवढंच आहे. पीएचडी लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल हे तुमचं तुम्ही बघा, पेपरात कशाला. तर याची किंमत कोण देतं ते सांगायचंय, आणि ते पेपरातच यायला हवं.

की चुकली की डुप्लिकेट साठतात, हजारो, आणि ते साफ करायला प्रोग्रॅम शेवटपर्यंत पुरत नाही, कारण हे दोन संजय एक का दोन हे माणसालाच बघावं लागतं. मग एजन्सीमार्फत पोरं-पोरी बसवतात, दिवसाला अमुक रेकॉर्ड संपले पाहिजेत म्हणून टार्गेट देतात. डाव्या बाजूला एक रेकॉर्ड, उजव्या बाजूला दुसरा, माऊस तिकडे, क्लिक, माऊस इकडे, क्लिक, "मर्ज करा", क्लिक, "खात्री आहे का", क्लिक, परत वर स्क्रोल. दिवसभर. आठवडाभर. सातबाराचं कॉम्प्युटरायझेशन झालं तेव्हा उताऱ्यांत इतक्या चुका निघाल्या की २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन घेऊन लोकांसमोर उतारे वाचून दाखवावे लागले, त्या दुरुस्त्या शेवटी कोणाच्या तरी बोटांनीच झाल्या ना. तिकडे गट नंबर एक्सेलमध्ये टाकला की १२/३ चं १२ मार्च होतं, ते परत हाताने. (एक्सेलच्या या खोडीला शास्त्रज्ञही थकले, माणसाच्या काही जनुकांची नावं तारखा होऊन बसतात म्हणून २०२० मध्ये जनुकांचीच नावं बदलली.)

मग सुरू होतं मनगटाचं. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर व्हायची, मुंग्या यायच्या, रात्री झोपेतून उठून हात झटकावा लागायचा, आणि करंगळी मात्र ठणठणीत. हे कार्पल टनेलचं लक्षण, मनगटात एका अरुंद जागेतून मीडियन नावाची नस जाते ती दाबली जाते, करंगळीची नस वेगळ्या वाटेने जाते म्हणून ती सुटते. डॉक्टर लोकांत अजून वाद आहे की निव्वळ कीबोर्डने हे होतं का, डायबेटिस, थायरॉईड, गरोदरपण यांचाही हात असतो, ते मान्य. पण अंगठ्याच्या बुडाशी कळ मारणं, कोपरापासून हात भरून येणं, हे दिवसभर माऊस घासणाऱ्यांना किती होतं ते कुठल्याही बीपीओच्या कँटीनमध्ये जाऊन हातातले पट्टे बघा. लवकर दाखवलं तर पुष्कळांना रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा आणि कामात बदल एवढ्यावर भागतं. उशीर केला, अंगठ्याखालचं मांस झिजायला लागलं, तर ऑपरेशनपर्यंत जातं. पण रेकॉर्डवर पैसे मिळणारी पोरगी सुट्टी घेऊन कुठे दाखवायला जाणार, ती बाम लावते आणि परत बसते.

आणि यात आम्हा प्रोग्रॅमर लोकांचा वाटा मोठा आहे, तो कोणी बोलत नाही. फॉक्सप्रोच्या काळ्या स्क्रीनला आज लोक हसतात, पण तिथे माऊस लागतच नव्हता, एंटर एंटर करत क्लार्क अख्खा फॉर्म न बघता भरायचा. रेल्वेच्या रिझर्व्हेशन खिडकीत आतल्या माणसाचे हात बघा, कीबोर्डवरून क्वचितच उठतात आणि रांग पुढे सरकते. आता आम्ही रंगीत वेब फॉर्म दिले, ज्यात जन्मतारीख निवडायला कॅलेंडर उघडून १९५८ पर्यंत बाण दाबत जायचं, जिल्हा ड्रॉपडाऊनमध्ये शोधायचा, टॅब दाबला तर कर्सर भलतीकडेच. डेमोला साहेबांना छान दिसतं. साहेबांना एकच अर्ज भरायचा असतो, ऑपरेटरला दिवसाचे दोनशे. टायपिंग क्लासमध्ये सर मनगट टेबलाला टेकू देत नसत, बोटं मारायला तयार, आता त्याच सर्टिफिकेटवर नोकरी लागते आणि कामाला मिळतो प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून उंच टेबलावरचा माऊस.

दमलेल्या हाताने मोठ्या चुकाही होतात. गिटलॅब या प्रोग्रॅमर लोकांचा कोड साठवणाऱ्या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ ला रात्री उशिरा एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डिलीट मारलं, सुमारे ३०० जीबीतलं ४.५ जीबी उरलं तेव्हा लक्षात आलं, आणि बॅकअपच्या पाच सोयींपैकी एकही धड चालत नव्हती, नशिबाने सहा तासांपूर्वीची एक कॉपी निघाली. कंपनीने सगळं जाहीर लिहिलं, दोष पद्धतीचा आहे म्हणाले. आपल्याकडे असं झालं असतं तर "तांत्रिक अडचण" अशी पाटी लागली असती आणि कंत्राटी ऑपरेटर बदलला असता. वर आता राज्यात दुकानं-आस्थापनांचे कामाचे तास ९ वरून १० करायला २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मंजुरी दिलीय, त्यावर चर्चा झाली ती पगाराची आणि ओव्हरटाईमची, दहाव्या तासाला बोटं काय टाईप करतात याची नाही.

तर माझी विनंती तुमच्या बातमीदारांना आहे. पुढच्या वेळी कुठल्या खात्याचं नवीन पोर्टल येतंय अशी बातमी आली तर किती कोटींचं आणि उद्घाटन कोणाच्या हस्ते हे छापाच, पण टेंडर मागवून दोन-तीन गोष्टी विचारा. एका मोबाईलवर घरातल्या पाच जणांची नोंद होते का. नंबर बदलला तर माणूस तोच राहतो का. चुकून दोनदा नोंद झाली तर ती कोण, किती क्लिकमध्ये एक करणार, आणि त्या माणसाला मध्ये उठायला वेळ धरलाय का. आणि टेंडर भरण्याआधीच्या प्री-बिड मीटिंगमध्येच कंपनीच्या माणसाला म्हणावं, माऊस काढून बाजूला ठेवा आणि एक पूर्ण अर्ज भरून दाखवा.

आपला,
एक डेटाबेसवाला
कोथरूड, पुणे