‘पुढच्या वेळी मिस्टरांना घेऊन या’

महोदय,

कालच्या नवी मुंबई पानावर जागतिक एड्स दिनाच्या फेरीची बातमी वाचली. लाल फिती, घोषणा, साहेबांचं भाषण, सगळं छानच. त्याच पानावर खाली, स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्धच्या सोळा दिवसांच्या मोहिमेतल्या चर्चासत्राची बातमी. दोन्हीकडे एकच आवाहन: महिलांनी न घाबरता पुढे यावे. पुढे आलेल्या बाईचं काय होतं ते मी पाहिलंय, म्हणून लिहिते आहे.

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताई पावसाळ्यात एका सकाळी कपाळाला पदर दाबूनच दारात उभ्या. नवऱ्याचा मार त्यांना नवा नव्हता. नवं होतं ते त्यांनी पिशवीतून काढून ओट्यावर ठेवलं. गोळ्यांची पांढरी बाटली, लेबल नखाने अर्धवट खरवडलेलं, झाकणाखालचं सील जसंच्या तसं. माळ्यावर अशा आणखी आहेत म्हणाल्या. उरलेली अक्षरं वाचून औषधवाल्याने आवाज खाली आणून सांगितलं, या एचआयव्हीच्या गोळ्या. म्हणजे नवरा सरकारी केंद्रातून गोळ्या आणत होता आणि माळ्यावर टाकत होता. नेमाने घेतल्या असत्या आणि रक्तातला विषाणू दबलेला राहिला असता, तर बायकोला त्याच्यापासून लागण होण्याचं भय उरलं नसतं. ‘काकू, निरोधचं नाव काढलं म्हणून तर मारलं,’ ताई म्हणाल्या. आणि मारून झाल्यावर जबरदस्तीही केली.

रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. कॅज्युअल्टीत टाके पडले, एमएलसी म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद झाली, हवालदाराने जबाब घेतला. कशाने मारलं, किती वाजता मारलं, दारू प्यायला होता का, सगळं विचारलं. रात्री आणखी काही झालं का, हे एकाने विचारलं नाही. शेवटी मीच बोलले. डॉक्टर म्हणाले, ‘नवराच ना? मग तशी केस होत नाही.’ त्यांचंही खरं, भारतीय न्याय संहितेत अठरा वर्षांवरच्या बायकोवरची जबरदस्ती बलात्कारात बसत नाही. पण 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक अत्याचार बसतो, आणि विषाणू काही लग्नाचा दाखला बघून परत फिरत नाही!

लागण टाळणारी औषधं 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी, आणि पुढे 28 दिवस घ्यावी लागतात. ती तिथे होती. पण सुई टोचलेल्या स्टाफसाठी. आम्हाला सांगितलं, ‘वरच्या मजल्यावर चाचणी केंद्र आहे, तिथे विचारा.’ वर नवा केसपेपर. समुपदेशक मुलगी बोलायला गोड होती, खोटं कशाला बोलू. रक्त घेतलं, रिपोर्ट निगेटिव्ह आला. मग ती म्हणाली, ‘पुढच्या वेळी मिस्टरांना घेऊन या, दोघांचं एकत्र समुपदेशन करू.’ समोरच्या बाईच्या कपाळावरची पट्टी अजून ओली होती हो! त्या मुलीला खालच्या मजल्यावरचं काही माहीतच नव्हतं. कागद वर आलाच नव्हता.

औषधं मिळाली, मुदतीत मिळाली. पण ती एका संस्थेतल्या बाईंनी कुणाला तरी फोन केला म्हणून. ज्यांच्याकडे असा फोन नाही, त्यांनी फेरीत चालावं बहुधा.

2017 च्या एचआयव्ही कायद्याला या बायकांची परिस्थिती ठाऊक आहे. साथीदाराला लागणीची माहिती दिल्याने मारहाण होईल, घराबाहेर काढतील अशी भीती असेल, तर विशेषतः बाईच्या बाबतीत ती देऊ नये, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. आणि खाडीपलीकडे वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 सालापासून ‘दिलासा’ केंद्र आहे; मार खाऊन आलेल्या बाईशी तिथे रुग्णालयातच नीट बोललं जातं. आमच्याकडे निदान टाके घालतानाच तो एक प्रश्न विचारा, औषधाचे पहिले डोस कॅज्युअल्टीच्या कपाटात ठेवा आणि हिंसेची नोंद असलेल्या बाईला ‘मिस्टरांना आणा’ म्हणू नका. याला नवी इमारत लागत नाही, उद्घाटनही लागत नाही. अडचण तीच असावी.

जाता जाता, त्याच रुग्णालयाच्या फाटकाजवळ महिला हेल्पलाइन 181 आणि एड्स हेल्पलाइन 1097 असे दोन्ही क्रमांक लिहिलेला एक फलक आहे. मागच्या आठवड्यात पाहिलं, तर त्याच्यावर कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, भाऊंसकट चौदा चेहरे. बेकायदा फलकांवर उच्च न्यायालयाने किती वेळा कान उपटले, आपणच छापलंय. फेरीचा फोटो फाटकातच काढलेला दिसतो. आपल्या छायाचित्रकाराला तो फ्लेक्स दिसला नसेल, असं मी समजते.

पत्र छापल्यास माझं नाव घालू नये. आमच्या सोसायटीत माझ्यावरून ताई ओळखू येतील.

आपली,
एक वाचक, ऐरोली