नॉर्मन स्मिथसाहेबांना, एका ध्वनिमुद्रकाकडून

आदरणीय स्मिथसाहेब,

तुम्ही २००८ सालीच गेलात, त्यामुळे हे पत्र तुमच्या हाती पडणार नाही. तरी ते चारचौघांत लिहितोय. ‘द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन’चा विषय निघाला की सगळं कौतुक बँडचा गायक-गिटारवादक सिड बॅरेटच्या वाट्याला जातं. ते त्याच्या हक्काचंच आहे. पण पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा हा पहिला अल्बम टेपवर उतरवून घेतलात तुम्ही, आणि माझ्यासारख्या काचेअलीकडे बसणाऱ्याला त्याचं मोल कळतं.

१९६५ पर्यंत बीटल्सचं रेकॉर्डिंग तुम्ही सांभाळलंत. लेनन तुम्हाला ‘नॉर्मल’ म्हणायचा. मूळचे तुम्ही जॅझवाले, आणि निर्माता म्हणून तसे नवेच. अशा वेळी १९६७च्या फेब्रुवारीत, क्लबमध्ये एकेक धून लांबवत नेणारी ही चार पोरं लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत तुमच्यापुढे येऊन उभी राहिली. सिड एकच गाणं दोनदा सारखं गात नसे. आणि मशीन चार ट्रॅकचं, म्हणजे एका वेळी चारच वेगळे आवाज टेपवर घेता येणारं! माझ्याकडे आज नुसत्या तबल्याला चार ट्रॅक लागतात.

सगळ्यात जास्त आभार मानायचेत ते ‘इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह’साठी. जवळपास दहा मिनिटं, एकही शब्द नाही. पायरी पायरीने खाली उतरणारी ती गिटार, मग ताल सुटतो आणि जो तो आपापल्या वाटेने निघतो. त्यावर त्याच रचनेचं दुसरं वादन चढवलेलं आहे. दोन्ही तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून तर तो आवाज इतका दाट झालाय. स्टिरिओ मिक्समध्ये शेवटी मूळ धून परतते तेव्हा ती या कानातून त्या कानात झुलत राहते. हेडफोन लावून कितीदाही ऐकलं तरी तिथे मी हातातलं काम थांबवतो.

‘बाइक’चा शेवटही तसाच. गाणं संपतं आणि घड्याळं, घंटा, काय काय वाजायला लागतं. हे सगळं तुमच्या आवडीचं नव्हतं, तरी तुम्ही ते कापलं नाहीत. शेजारी ‘लुसिफर सॅम’सारखी तीन मिनिटांची घट्ट गाणीही त्यांच्याकडून करून घेतलीत.

माझ्याकडे एखादा मुलगा गिटारचा आवाज बदलणारं पेडल दाबत लांबच लांब काहीतरी वाजवत बसतो. वेळ संपत आलेली असते, काचेपलीकडच्या वादकाशी बोलायच्या टॉकबॅकच्या बटणाकडे हात जातो आणि तुमची आठवण होऊन मागे येतो. हे माझ्यावरचं तुमचं ऋण.

आणि एक. पुढच्या अल्बमच्या ‘रिमेंबर अ डे’ला बँडचा ड्रमर निक मेसनला हवा तसा ताल सापडेना, तेव्हा तुम्ही स्वतः ड्रम्सवर बसलात. शिकायला येणाऱ्या मुलांना मी ते गाणं मुद्दाम ऐकवतो आणि ड्रम्स कोणी वाजवलेत ते सांगतो.

आपला कृतज्ञ,
पुण्यातला एक ध्वनिमुद्रक