भोक बुजवण्याआधी ते कशाचं आहे ते बघा

संपादक, रविवार पुरवणी, यांस,
सप्रेम नमस्कार.

इंग्लंडच्या कालव्यावर सेकंडहँड बोट घेऊन राहायला गेलेल्या एका मराठी जोडप्यावर आपण पानभर लेख छापलात. फोटो देखणे होते. खिडक्यांना इरकली पडदे, दारावर वारली, टपावर तुळस. तेवढंच असतं तर कात्रण काढून मैत्रिणीला पाठवलं असतं. पण मधल्या एका परिच्छेदात असं आहे की बोट गळत होती, म्हणून दोघांनी सिलिकॉनच्या नळ्या आणून दिसेल ती फट आणि दिसेल ते भोक बुजवलं. वारा येतो म्हणून छतावरच्या हवेच्या जाळ्याही बंद केल्या. आणि मग गॅसवर चहा ठेवून पहिली ऊबदार संध्याकाळ साजरी केली. लेखिकेने हे कौतुकाने लिहिलंय. मला ते वाचून धडकी भरली. इथे इंग्लंडमध्ये शिकायला, नोकरीला येणारी मुलं घरभाड्याला कंटाळून बोटींच्या जाहिराती चाळत असतात, त्यांच्यातल्या कुणी हा लेख वाचून हेच करू नये म्हणून हे पत्र.

मी मूळची चिपळूणची. लेस्टरला एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, आता निवृत्त आहे. गेल्या वर्षी मी आणि नवऱ्याने २३ फुटी फायबरग्लासची जुनी क्रूझर घेतली, १९७०च्या दशकातली, मागे आउटबोर्ड इंजिन लावलेली. कायम राहायला नव्हे, उन्हाळ्यात हिंडायला.

कालवा म्हटलं की पुणेकरांना मुठा उजवा कालवा आठवेल. इथले कालवे शेतीसाठी नाहीत. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात कोळसा आणि माल वाहून न्यायला ते खोदले. आता इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे २००० मैल जलमार्ग कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था २०१२ पासून सांभाळते आणि त्यांवर बहुतेक हौशी लोक हिंडतात, तेही ताशी चार मैलांच्या मर्यादेत. चढ आला की लॉक, म्हणजे दोन्हीकडे दारं असलेला हौद, त्यात पाणी भरलं की बोट वर उचलली जाते. आमच्याकडच्या फॉक्स्टनला १८१४ साली बांधलेली दहा लॉकं बोटीला ७५ फूट वर चढवतात. तिथलं लॉक सात फूट रुंद, म्हणून आमची बोट सहा फूट दहा इंच, आणि एवढ्या रुंदीत झोपणं, स्वयंपाक, संडास सगळं. केरळची हाउसबोट डोळ्यांसमोर असेल तर ती आधी पुसून टाका.

आता गळतीचं. नवखा माणूस पहिली चूक करतो ती कागदावर विश्वास ठेवून. विकणारा बोट सेफ्टी स्कीमचं चार वर्षांचं सर्टिफिकेट दाखवतो आणि घेणाऱ्याला वाटतं, बोट ठणठणीत आहे. ती तपासणी गॅस, इंधन, वायरिंग, अग्निशामक यांची असते. सांगाडा कसा आहे, टपातून पाणी येतं का, हे त्यात बघतच नाहीत. ते बघायला वेगळा सर्व्हेअर बोलवावा लागतो आणि बोट पाण्याबाहेर काढावी लागते. आम्ही ती काढली. तळ चांगला निघाला, आणि तरीही आत गुडघे टेकले की सलवार भिजायची.

ह्या जुन्या फायबरग्लासच्या बोटींचं असंच असतं. पाणी बहुतेक वेळा खालून येत नाही, वरून येतं. टपावर धरायला दांडे, दोर बांधायला खुंट, दिवा, एरियल असं काय काय स्क्रूने बसवलेलं असतं, आणि प्रत्येक स्क्रू म्हणजे एक भोक. टपाचा साचा आणि तळाचा साचा जिथे जोडलेले असतात तो सांधा बोटीला वेढा घालतो, रबराच्या पट्टीखाली लपलेला. काठावर धक्का बसला की तोही उघडतो. शिवाय खिडक्या. कोकणातल्या कौलारू घरात वाढलेल्यांना हे समजावून सांगायला नको. पाणी ज्या जागी टपकतं तिथलं कौल फुटलेलं नसतं. पाणी वाशावरून उतरत उतरत भलतीकडे येतं. बोटीतही बाहेरचं कवच आणि आतलं अस्तर यांच्यामधून पाणी फूट-दोन फूट प्रवास करतं.

म्हणून आम्ही सीलंटची नळी हातात घेण्याआधी गळती शोधली. माझा भाचा इथे एम.एस्सी. करतोय आणि शनिवार-रविवार जेवायला येतो. त्याला टॉर्च आणि टिश्यू पेपर देऊन आत बसवलं, मी बाहेर बागेचा पाइप घेऊन. धार बारीक ठेवायची, इथला पाऊस पडतो तशी. प्रेशर वॉशरने मारलं तर पाऊस जिथे कधी जाणार नाही तिथेही पाणी घुसतं. सुरुवात खालून करायची. वरून सुरू केलं तर सगळंच भिजतं आणि काही कळत नाही. एका जागी पाणी सोडायचं, थांबायचं, मगच वर सरकायचं. उजव्या खिडकीचा खालचा कोपरा कायम ओला असायचा आणि आधीच्या मालकाने तिच्याभोवती सिलिकॉनचे थरावर थर चढवले होते. मी त्या खिडकीला न्हाऊ घातलं. आतून आवाज, “आत्या, कोरडं आहे.” मग खिडकीच्या वरच्या काठावर. “काही नाही गं.” शेवटी टपावरच्या दांड्याच्या पुढच्या स्क्रूवर पाइप धरला, आणि जरा वेळाने आतून ओरडला, “आलं, आलं! खिडकीतूनच आलं!”

स्क्रूचं भोक चार-पाच मिलिमीटरचं. दांडा काढला, भोवतीचं सीलंट दगड झालं होतं आणि खालच्या प्लायवुडच्या गाभ्याला पाणी लागून तो काळा पडला होता. टप फायबरग्लासचा असला तरी मजबुतीसाठी आत लाकूड असतं, आणि ते सडलं की टपावर पाय ठेवल्यावर मऊ लागतं. बोट बघायला जाल तेव्हा आधी टपावर आणि डेकवर चालून बघा, पडदे नंतर. आम्ही भोक मोठं करून ओला भुसा कोरून काढला, पूर्ण सुकू दिलं, इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग मिसळले की कडक होणाऱ्या राळेने, भरलं आणि मग त्या भरावातून नवं भोक पाडलं. स्क्रूऐवजी आरपार स्टेनलेसचा बोल्ट, आतून मोठा वॉशर, आणि मध्ये ब्यूटाइल टेप, म्हणजे रबरासारखी चिकट पट्टी. ब्यूटाइल घट्ट होत नाही, चिवट राहतं. ऊन-थंडीने टप फुगला-आकसला तरी ते सोबत हलतं. बोल्ट एकदम पिळायचा नाही, थोडा आवळायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. सिलिकॉन न्हाणीघराच्या टाइलला ठीक आहे. बोटीच्या टपावर एकदा फासलं की ते पूर्ण खरवडून काढल्याशिवाय त्यावर रंग बसत नाही, दुसरं सीलंट धरत नाही आणि नवं सिलिकॉनसुद्धा नीट चिकटत नाही. दांड्याच्या दुरुस्तीपेक्षा त्या खिडकीभोवतीचे थर खरवडण्यात आमचा जास्त वेळ गेला.

आणि ते खरवडताना जे सापडलं त्यासाठीच खरं तर लिहितेय. सरकत्या खिडकीच्या खालच्या खाचेत पाणी साचणारच, म्हणून तिला बाहेरच्या बाजूने बारीक भोकं ठेवलेली असतात. आधीच्या मालकाने तीच बुजवली होती! पावसाने खाच भरायची आणि पाणी आत सांडायचं. तो अजून सिलिकॉन लावायचा.

बोटीत अशी मुद्दाम ठेवलेली भोकं बरीच असतात. मागच्या उघड्या भागातून पाणी वाहून जायला असतात. गॅसचा सिलिंडर ज्या कप्प्यात असतो त्याच्या तळाशी थेट बाहेर उघडणारं एक असतं, कारण प्रोपेन आणि ब्यूटेन हवेपेक्षा जड. गळलेला गॅस खिडकीतून उडून जात नाही, खाली बसतो, आणि ते भोक बंद असेल तर बोटीच्या तळात साचतो. तिथे एक ठिणगी पुरते. छतावरच्या आणि दाराच्या खालच्या जाळ्या तर श्वासासाठीच आहेत. आपल्या लेखातल्या जोडप्याने ‘दिसेल ते भोक’ बुजवताना यातलं काय काय बुजवलं देव जाणे. बंद केबिनमध्ये शेगडी जळत राहिली की ऑक्सिजन कमी पडतो, ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. डोकं दुखतं, मळमळतं, माणसाला वाटतं सर्दी झालीय, आणि तो झोपतो. म्हणून २०१९च्या एप्रिलपासून झोपायची केबिन असलेल्या बोटींना कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बोट सेफ्टी स्कीममध्ये सक्तीचा आहे. लेखातल्या एकाही फोटोत तो दिसला नाही. असेलही, पडद्याआड.

गंमत अशी की जाळ्या बंद केल्याने बोट कोरडीही होत नाही. प्रयोगशाळेची सवय, हिशेब करून बघितला. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोपेक्षा जास्त पाणी वाफ होऊन हवेत येतं. त्यात कुकरच्या शिट्ट्या, ओले टॉवेल, दोन माणसांचे श्वास. रात्री हे सगळं खिडकीच्या गार अॅल्युमिनियमवर जमतं आणि सकाळी उशीवर टपकतं. अर्ध्या लोकांची ‘गळती’ हीच असते. ओळखायचं कसं? जागा पुसून कोरडी करा, त्यावर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवा. खोलीच्या बाजूने दव आलं तर ती तुमचीच वाफ, मागच्या बाजूला पाणी आलं तर शोधा. तळात साचणारं पाणी पावसाचं की पिण्याच्या टाकीचं हे कळायला मी टाकीत जिलेबीचा केशरी रंग घातला. तळातलं पाणी पांढरंच राहिलं, म्हणजे पाइप शाबूत. नंतर टाकी धुताना नवऱ्याने जे ऐकवलं ते इथे छापण्यासारखं नाही.

सजावटीबद्दल लेखात भरपूर आहे, मी थोडंच सांगते. एक ओला हंगाम जाऊन केबिन कोरडी राहिली की मगच आत खर्च करा. आमच्या बोटीच्या भिंतींना चिकटवलेलं कार्पेट होतं, त्याखाली बुरशी, आणि छताच्या अस्तरामागच्या फोमचं पीठ झालेलं. ते मास्क लावून काढलं. नव्या फळ्या मरीन प्लायच्या, म्हणजे बोटींसाठीच्या प्लायवुडच्या, पण मरीन प्लायही कडेने पाणी पितं, म्हणून कापलेली प्रत्येक कड इपॉक्सीने बंद केली. गाद्या सपाट फळीवर न ठेवता पट्ट्यांवर ठेवल्या, खालून हवा खेळायला. कपाटांच्या दारांना भोकं पाडली. पाण्याची टाकी आणि बॅटरी एकाच बाजूला नको. एवढी हलकी बोट लगेच कलते आणि मग टपावरचं पाणी जिथून निघून जायला हवं तिथून जात नाही.

इथल्या मैत्रिणी विचारतात, मिक्सर चालेल का? साडेसातशे वॅटचा मिक्सर १२ व्होल्टवर साठ अँपिअरच्या वर खेचणार, इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज वेगळीच. ११० अँपिअर-तासांची साधी बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरायची असते. आम्ही चटणी घरून वाटून नेतो आणि आलं-लसूण खलबत्त्यात ठेचतो.

भाडं नाही म्हणून बोट स्वस्त, हेही अर्धंच खरं. लायसन्स, विमा आणि ते सर्टिफिकेट लागतंच. बोट बांधायला कायमची जागा नसेल तर १९९५च्या कायद्याप्रमाणे एका ठिकाणी सलग १४ दिवसांहून जास्त राहता येत नाही, आणि अशा बोटींना २०२४पासून लायसन्सवर अधिभार आहे. रोज नोकरीला जाणाऱ्याने याचा विचार बोट घेण्याआधी करावा.

त्या जोडप्याला नाउमेद करायचा हेतू नाही, त्यांची तुळस मला फार आवडली. पण आपल्याकडे त्यांचा पत्ता असणार. त्यांना आजच फोन करून छतावरच्या जाळ्या उघडायला आणि गॅसच्या कप्प्याचं तळातलं भोक मोकळं आहे का ते बघायला सांगा. आणि पुढच्या पुरवणीत, आतल्या पानावर का होईना, त्या परिच्छेदाची दुरुस्ती छापा. हे पत्र लांब वाटलं तर मिक्सरचा परिच्छेद काढलात तरी चालेल, जाळ्यांचा काढू नका.

आपली,
एक जुनी वाचक
लेस्टर